'लवकरात लवकर' म्हणजे नेमके कधी?

बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात येशू एका अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि ते झाड 'प्रेझेंटली' वाळून जाते. इंग्लंडमधल्या आजच्या शाळकरी पोराने हे वाक्य वाचले तर त्याला वाटेल, शाप मिळाल्यावर झाड काही काळ तसेच उभे राहिले आणि मग सवडीने सुकले. यात चमत्कार तो काय? पाणी तोडले तर कुठलेही झाड सवडीने सुकतेच. भाषांतरकारांना म्हणायचे होते 'त्याच क्षणी', आणि त्या काळी प्रेझेंटलीचा तोच अर्थ होता. शब्द पुढे इतका ढिला पडला, की १९४६ साली अमेरिकेत बायबलच्या 'नव्या करारा'चे सुधारित भाषांतर निघाले तेव्हा तिथे 'ॲट वन्स' घालावे लागले.

त्याच जुन्या भाषांतरात हेरोदियाची मुलगी राजाकडे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे मस्तक तबकात घालून मागते आणि ते तिला 'बाय अँड बाय' हवे असते. आजच्या इंग्रजीत याचा अर्थ 'होईल तसे, घाई नाही'. राजाने शब्द मागे घ्यायच्या आत मस्तक पाहिजे, ही त्या मागणीतली सगळी क्रूर घाई आज वाचणाऱ्याच्या हाती लागतच नाही. लूकच्या शुभवर्तमानात तर पंचाईत आणखी मोठी. युद्धांच्या बातम्या आल्या तरी शेवट 'बाय अँड बाय' नाही, असे तिथे म्हटले आहे. मूळ आशय असा की शेवट लगेच येणार नाही. आजचा वाचक समजेल की तो पुढेमागेही यायचा नाही.

हे दोनच शब्द बिघडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण इंग्रजीतली तातडीची क्रियाविशेषणे एकामागून एक याच वाटेने गेली आहेत. 'सून' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'सोना' होता आणि त्याचा अर्थ होता तत्क्षणी. आज 'सून' म्हणजे लवकरच, म्हणजे केव्हातरी. 'अनॉन' म्हणजे मुळात 'एका दमात'. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात दारूच्या गुत्त्यातला फ्रान्सिस नावाचा पोऱ्या प्रत्येक हाकेला 'अनॉन, अनॉन, सर' असे ओरडतो आणि जागचा हलत नाही. राजपुत्र त्याची मुद्दाम फिरकी घेतो, एकाने इकडून आणि दुसऱ्याने तिकडून हाका मारायच्या असे ठरवून. प्रेक्षक हसत असणार, कारण त्यांना या शब्दाचा अनुभव होता. सोळाव्या शतकाअखेर 'अनॉन'चा अर्थ शब्दकोशात काहीही असो, गुत्त्यात तो 'बसा थोडे' असाच होता. आणि हॅम्लेट? आईने बोलावले आहे असा निरोप घेऊन पोलोनियस येतो, तेव्हा हॅम्लेट म्हणतो, येतो 'बाय अँड बाय'. मी तसे सांगतो, असे म्हणून पोलोनियस वळतो, तर हा लगेच म्हणतो, बाय अँड बाय म्हणणे सोपे असते. शेक्सपिअरने या सगळ्या शब्दांची नस तिथे एका ओळीत पकडली आहे.

यामागे भाषेचा ऱ्हास वगैरे काही नाही. 'लगेच येतो' म्हणणारा माणूस अर्ध्या तासाने येतो. असे पुष्कळदा झाले की ऐकणारा मनातल्या मनात हिशेब धरतो, की याचे लगेच म्हणजे अर्धा तास. बोलणारा प्रत्येक वेळी फसवतो असेही नाही, त्याला खरेच लगेच यायचे असते. पण तातडीचा शब्द हुंडीसारखा असतो, त्याची किंमत लिहिणाऱ्याने नव्हे, वटवणाऱ्याने ठरते. म्हणून हा प्रवाह जवळजवळ नेहमी एकाच दिशेला वाहतो, तत्क्षणीकडून यथावकाशाकडे. मग खरोखर तातडी दाखवायला नवा शब्द शोधावा लागतो आणि काही पिढ्यांत त्याचीही तीच गत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत 'जस्ट नाऊ' म्हणजे नंतर कधीतरी. त्यामुळे तिथे जरा लवकर या अर्थी 'नाऊ नाऊ' म्हणायची पाळी आली.

मराठीने यात फुशारकी मारायचे कारण नाही. 'आलोच' हे आपण घरातून निघण्यापूर्वी म्हणतो आणि तेही भूतकाळात. इंग्रजांची मजल अजून तिथवर गेलेली नाही. 'तत्काळ' या शब्दाचे तर रेल्वेने १९९७ पासून वेगळेच कल्याण केले. तत्काळ तिकीट म्हणजे आज निघणारी नव्हे, उद्या निघणारी गाडी. सकाळी दहाला वातानुकूलित डब्यांची खिडकी उघडते, अकराला बाकीच्यांची, आणि पैसे जास्त. म्हणजे तत्काळ हा आता वेळ नसून कोटा आहे.

प्रेझेंटलीची गोष्ट मात्र एवढ्यावर संपली नाही. 'थोड्या वेळाने' या अर्थावर तो स्थिरावला खरा, पण 'सध्या' हा त्याचा आणखी जुना अर्थ स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या बोलींत जिवंत राहिला होता. विसाव्या शतकात तो अमेरिकेतून पुन्हा लेखी इंग्रजीत शिरला. शैलीचे नियम सांगणाऱ्या पंडितांनी त्यावर बराच आरडाओरडा केला. आपल्याकडेही बायोडेटामध्ये 'प्रेझेंटली वर्किंग ॲट' असे लिहिले की इंग्रजीचे काही मास्तर लाल शाईने 'करंटली' करतात. माझ्या मते ती शाई फुकट जाते. लिहिणारा चौदाव्या-पंधराव्या शतकापासून चालत आलेला अर्थ वापरतो आहे, आणि वाचणाऱ्याचा गोंधळही होत नाही. क्रियापद वर्तमानकाळी असेल तर 'सध्या', भविष्यकाळी असेल तर 'थोड्याच वेळात'. वाक्य सांगते, प्रसंग सांगतो, बोलणाऱ्याचा चेहरा सांगतो. अमेरिकन वैमानिक 'मोमेंटरिली उतरणार आहोत' म्हणतो तेव्हा जुन्या वळणाचा इंग्रज प्रवासी, हे विमान क्षणभरच टेकणार आणि पुन्हा उडणार काय, असा विनोद करतो, पण पट्टा बांधून गप्प बसतोच. बोलण्यातल्या शब्दांची झीज रोखायला निघालेल्यांबद्दल म्हणूनच मला फारशी आस्था नाही. बोलणारी माणसे एकमेकांना समजून घ्यायला बसलेली असतात.

कायद्यात तसे नसते. तिथे वाचणारे दोन पक्ष असतात आणि त्यांतल्या एकाला तरी शब्दाचा अर्थ ताणायचा असतो. चेहरा नसतो, प्रसंग जुना झालेला असतो, उरतो तो फक्त शब्द. अशा जागी झिजणारा शब्द ठेवणे हा निष्काळजीपणा आहे, आणि अनेकदा तो निष्काळजीपणाही नसतो, सोय असते. माझे म्हणणे एवढेच आहे की राज्यकारभारात मुदतीच्या जागी क्रियाविशेषण चालवून घेऊ नये. तिथे आकडा पाहिजे, आणि आकडा चुकला तर काय होणार तेही पाहिजे.

मुंबईतलेच एक प्रकरण घेऊ. जानेवारी १९५६, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस. पोलीस आयुक्तांनी १३ तारखेला प्रतिबंधक स्थानबद्धतेचे आदेश काढले, १६ तारखेला माणसे पकडली. कायदा असा होता की आयुक्तांनी अशा आदेशाची खबर राज्य सरकारला 'फोर्थविथ' द्यायची. फोर्थविथ म्हणजे तत्काळ. मुळात 'फोर्थ विथ' म्हणजे 'बरोबरच', एक गोष्ट झाली की तिच्याबरोबरच दुसरी. आयुक्तांचा अहवाल सरकारकडे गेला २१ तारखेला, आदेशानंतर आठ दिवसांनी. केशव नीलकंठ जोगळेकर विरुद्ध पोलीस आयुक्त हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सगळा वाद या एका क्रियाविशेषणावर आला. न्यायालयाने शब्दाचा कीस काढला. त्याच कायद्यात दुसरीकडे 'शक्य तितक्या लवकर' असे शब्द आहेत, त्यापेक्षा फोर्थविथ कडक, हे त्याने मान्य केले. पण कडक म्हणजे किती? टाळता येण्याजोगा उशीर न करता, इतके. आणि ते दिवस मुंबईत दंगलीचे, गोळीबाराचे होते, पोलीस त्यात गुंतले होते, म्हणून आठ दिवसांचे स्पष्टीकरण पटण्याजोगे ठरले. याचिका फेटाळली गेली.

न्यायालय चुकले असे मला म्हणायचे नाही. मुंबई पेटलेली होती हे खरेच होते. पण त्याच कलमात एक आकडाही होता, बारा. राज्य सरकारने मंजुरी दिली नाही तर आयुक्तांचा आदेश बारा दिवसांहून जास्त टिकणार नाही, असे कलम म्हणत होते. दंगल असो, संप असो, बाराचे तेरा होत नाहीत, आणि 'बारा'चा अर्थ काय यावर कुणाला वाद घालावा लागत नाही. कलम तेच आणि दिवसही तेच होते, तरी क्रियाविशेषण आठ दिवस ताणले गेले आणि आकडा जागचा हलला नाही.

अमेरिकेने याच धड्याची फार मोठी किंमत दिली. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. तो अमलात कधी आणायचा याचे उत्तर १९५५ मध्ये आले ते 'ऑल डेलिबरेट स्पीड' या शब्दांत, म्हणजे विचारपूर्वक वेगाने. दक्षिणेतल्या राज्यांनी 'विचारपूर्वक' उचलले आणि 'वेग' सोडून दिला. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. शेवटी १९६९ मध्ये त्याच न्यायालयाला 'ॲट वन्स' म्हणावे लागले. मधल्या चौदा वर्षांत मुलांची एक पिढी शाळेतून बाहेर पडून गेली होती.

आपल्या घटनाकारांसमोर हा प्रश्न आधीच येऊन गेला होता. संसदेचे विधेयक राष्ट्रपतींनी फेरविचारासाठी परत पाठवायचे तर सहा आठवड्यांच्या आत, असे मसुद्यात होते. मे १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ते शब्द काढून 'शक्य तितक्या लवकर' असे घालण्याची दुरुस्ती मांडली. सहा आठवडेसुद्धा जास्त, त्याहून लवकर व्हावे, असा त्याचा अर्थ लावता येतो. सभागृहात ह. वि. कामत यांनी हरकत घेतली, की असे शब्द मोघम आहेत, मुदत ठेवा. दुरुस्ती मंजूर झाली. तेच शब्द पुढे राज्यपालांसाठीच्या २०० व्या कलमातही आले. बाबासाहेबांची बुद्धी आणि हेतू यांबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही, पण या एका मुद्द्यावर मला कामत बरोबर वाटतात. राजभवनांत विधेयके वर्षानुवर्षे पडून राहिली. तामिळनाडूच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी महिन्यांचे आकडे घालून दिले. नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिले की घटनेत नसलेली मुदत न्यायालय लादू शकत नाही, फार तर दीर्घ आणि अकारण निष्क्रियता दिसली तर 'निर्णय घ्या' एवढे सांगता येईल. घटनेच्या शब्दांवर बोट ठेवून पाहिले तर त्यांना दुसरे काय म्हणता आले असते? आकडा होता तो १९४९ मध्येच खोडला गेला. घटनेत जिथे आकडा ठेवला आहे तिथे काय होते ते पाहा. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचे, हे २२ वे कलम गावातल्या हवालदारालाही तोंडपाठ असते. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातही असाच आकडा आहे, तपास साठ किंवा नव्वद दिवसांत पुरा करून आरोपपत्र दिले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात पोलीस ठाण्यातले दिवे रात्रभर जळतात.

आकड्याला लोक पळवाट काढतात, हा आक्षेप खरा आहे. तीस दिवस दिले की साहेब एकोणतिसाव्या दिवशी सही करतो, जे काम एका दुपारी होण्यासारखे होते तेही. मुदत ही कमाल असते, पण कार्यालयात ती किमान होते. शिवाय काही कामे खरोखरच आकड्यात बसत नाहीत. पूर आला असताना तहसीलदाराने घड्याळ बघावे की होडी? यावर माहिती अधिकार कायद्याने २००५ मध्ये चांगला तोडगा काढला. 'शक्य तितक्या तत्परतेने, आणि काहीही झाले तरी तीस दिवसांच्या आत', असे त्याचे सातवे कलम म्हणते. क्रियाविशेषणाला वाव दिला आणि मागे भिंत बांधली. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. उशीर केला तर दिवसाला अडीचशे रुपये दंड, पंचवीस हजारांपर्यंत. त्याच कायद्यात पहिल्या अपिलाला तीस, फार तर पंचेचाळीस दिवस आहेत. दुसरे अपील जिथे जाते त्या माहिती आयोगाला मात्र काहीच मुदत नाही, आकडा नाही की क्रियाविशेषणही नाही. महाराष्ट्राच्या आयोगापुढे तुंबलेली प्रकरणे २०२३ मध्ये लाखाच्या वर गेली होती. मनुष्यबळ कमी, आयुक्तांची पदे रिकामी, ही कारणे खरी आहेत. पण ती पदे भरण्याची घाई सरकारला का होत नाही, याचे एक कारण त्या कोऱ्या जागेतच आहे.

आपल्या राज्याचा म्हणून एक वेगळाच नमुना आहे, ज्याला लोक 'दफ्तर दिरंगाईचा कायदा' म्हणतात तो २००५ चा. कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहता कामा नये, असे तो सांगतो. छान. पुढे तातडीच्या फायलींची तरतूद येते. 'तात्काळ' फाइल शक्यतो एका दिवसात किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, 'तातडीची' फाइल शक्यतो चार दिवसांत. सरकारला तात्काळचा अर्थ काय हे कायद्यात सांगावे लागले, आणि सांगून झाल्यावर 'शक्यतो' हा शब्द घालून ते पुन्हा सैल करावे लागले. मला हा कायदा यासाठीच प्रामाणिक वाटतो. त्याने कबूल केले की मंत्रालयात तात्काळ आणि तातडीचे यांत तीन दिवसांचे अंतर आहे.

क्रियाविशेषणाने अक्षरशः काम केल्याचे एक उदाहरण मात्र द्यायलाच हवे, कारण ते फार गमतीचे आहे आणि जर्मन आहे. ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्व बर्लिनमध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांना पत्रकारांनी विचारले, देशाबाहेर प्रवासाचा हा नवा नियम लागू कधी? नियम दुसऱ्या दिवसापासून आणि रीतसर अर्ज करून, असे ठरले होते. शाबोव्स्कींनी कागद चाळले आणि म्हटले, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, विनाविलंब. लोकांनी ते ऐकले आणि बर्लिनच्या भिंतीकडे चालू लागले. त्या रात्री शब्दाला पूर्ण किंमत मिळाली ती हजारो माणसे ती वसूल करायला स्वतः फाटकापाशी जाऊन उभी राहिली म्हणून. एरवी आजच्या जर्मनीच्या दिवाणी संहितेत 'विनाविलंब' याची व्याख्या 'स्वतःच्या दोषामुळे उशीर न करता' अशी दिली आहे, म्हणजे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये केली त्याच्या जवळपास तीच.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या राजकारणाने तर या वादाचा प्रयोगच करून दाखवला. पक्षांतर करणाऱ्या आमदारांच्या अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांनी किती दिवसांत निर्णय द्यावा, हे १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत लिहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी शिवसेनेच्या प्रकरणात अध्यक्षांना 'वाजवी मुदतीत' निर्णय द्यायला सांगितले. मे गेला, पावसाळा गेला, गणपती येऊन गेले. न्यायालयाने चिडून वेळापत्रक मागवले, ते पसंत पडले नाही. ३० ऑक्टोबरला मग तारीख आली, ३१ डिसेंबर. अध्यक्षांनी आणखी वेळ मागितला, तेव्हा १० जानेवारी २०२४ अशी नवी तारीख मिळाली. निर्णय १० जानेवारीला आला, त्याच दिवशी. राष्ट्रवादीच्या प्रकरणात १५ फेब्रुवारी दिली, निर्णय १५ फेब्रुवारीला आला. निर्णय बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी इथे पडत नाही. 'वाजवी मुदत' या शब्दांनी साडेपाच महिन्यांत जे झाले नाही ते तारखेने दोन्ही वेळा तारखेवर करून दाखवले.

२०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपवाद वगळता तीन महिने ही बाहेरची मर्यादा म्हणून सांगितली होती, आणि अध्यक्षांकडे हा अधिकार असावा का याचा संसदेने फेरविचार करावा असेही सुचवले होते. तेवढा मोठा फेरविचार राहू द्या. तीन महिन्यांची मुदत अनुसूचीत घालायला छोटीशी घटनादुरुस्ती पुरते. तशी दुरुस्ती कधी आणणार असे सत्तेतल्या किंवा विरोधातल्या कुठल्याही पक्षाला विचारा. उत्तर क्रियाविशेषणात आले तर तारीख मागा.